तीन पन्नासची भरती

जालन्यात सबंध वर्षात साधारण साडेसहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस पडतो. मृगाचे चार शिंतोडे, मधली ओढ, पोळ्याच्या आसपासची सर आणि परतीचा मार, सगळं धरून. 26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझला दुपारी अडीच ते रात्री साडेआठ या सहा तासांत 648 मिलिमीटर पडला. आमचं एक साल तिथे एका दुपारीत उतरलं.

हा घटनाक्रम त्या दुपारचा. लिहिणारा मात्र मस्तगडचा. मस्तगड ही जालन्याची जुनी गढी, 1725 सालची. आत फारसी शिलालेख, दालनं असलेली मोठी विहीर. पुढे या गढीत नगरपालिकेचं कार्यालय आलं आणि गावच्या गटारांचे, नळांचे, झाडलोटीचे कागद तटाआड फिरू लागले. तट शत्रू येण्याआधी बांधायचा असतो. आल्यावर बांधायला घेतला तर ती फक्त भिंत. गटाराचंही तसंच आहे, एवढं त्या जागेनं तरी शिकवायला हवं होतं.

मुंबईच्या त्या पुराची चौकशी करणाऱ्या सत्यशोधन समितीचे अध्यक्ष होते डॉ. माधवराव चितळे. 1993 सालच्या स्टॉकहोम जल पुरस्काराचे मानकरी, आणि मुक्काम आमच्या शेजारचा, तेव्हाच्या औरंगाबादचा. तहानलेल्या मुलखात राहणारा माणूस बुडालेल्या शहराचा हिशेब लावायला गेला. तो हिशेब आमच्याही कामाचा आहे, म्हणून घड्याळ लावतो. शून्य धरू दुपारचे 3:50. त्या वेळी समुद्राला भरती होती.

12 वर्षे आधी

1993. ‘ब्रिमस्टोवॅड’ नावाचा अहवाल मुंबई महापालिकेच्या हाती येतो. विषय: पावसाचं पाणी वाहून नेणारी गटारं. शहर भागातलं जाळं शंभरएक वर्षांपूर्वीचं. ते तासाला 25 मिलिमीटर पावसाच्या मापाने बांधलेलं, तेही समुद्राला ओहोटी आहे असं गृहीत धरून. शिवाय पडलेल्या पाण्यातलं निम्मं जमिनीत मुरेल, असाही हिशेब.

अहवाल म्हणतो, माप दुप्पट करा, तासाला 50 मिलिमीटर. भरतीच्या वेळी पाणी उचलून समुद्रात फेकणारी उदंचन केंद्रं बांधा. नाले रुंद करा. खर्च 616 कोटी रुपये. रक्कम मोठी वाटते. थोडी कामं होतात, बरीचशी फाईलमध्ये राहतात. बारा वर्षांना आपल्याकडे एक तप म्हणतात. तेवढं तप झालं.

7 तास 20 मिनिटे आधी: सकाळी 8:30

मंगळवार. वेधशाळेच्या पावसाचा दिवस साडेआठला सुरू होतो. पुढच्या तीन तासांत सांताक्रूझच्या पर्जन्यमापकात एक मिलिमीटरही भरत नाही. डबे भरले जातात, पोरं शाळेत जातात, लोकल नेहमीसारख्या लोंबकळत धावतात. येणाऱ्या ढगांचा माग तासातासाला दाखवणारं डॉप्लर रडार तेव्हा मुंबईत नाही.

या कोरड्या वेळात नाल्यात काय आहे, ते मात्र कोणीही वाकून बघू शकलं असतं. प्लॅस्टिकच्या पिशव्या, राडारोडा, थर्माकोल, काळा गाळ. पूर यायच्या आधीच नाला भरलेला असतो, फक्त पाण्याने भरलेला नसतो.

4 तास 20 मिनिटे आधी: सकाळी 11:30

आणखी तीन तास, आणखी 18 मिलिमीटर. जुलैतल्या मुंबईला ही भुरभुर.

तोवर मिठी बघून घेऊ. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघणारी ही नदी अठराएक किलोमीटर वाहून माहीमच्या खाडीत मिळते. वाटेत तिच्यावरून विमानतळाची धावपट्टी गेली आहे. मुखाजवळच्या दलदलीवर भर टाकून वांद्रे-कुर्ला संकुल उभं राहिलं आहे. काठाला भंगाराची गोदामं, कारखाने, तबेले, झोपड्या. सगळ्यांचं सांडपाणी तिच्यातच. नदीला एकदा नाला म्हणायला लागलं की तिची रुंदी कोणाच्याही मालकीची होते. जालन्याच्या कुंडलिका नदीकाठी राहणाऱ्या आम्हाला हे वेगळं सांगायला नको.

1 तास 20 मिनिटे आधी: दुपारी 2:30

आता आभाळ फाटतं. पुढच्या एका तासात सांताक्रूझला 100 मिलिमीटर. गटारांच्या मापाच्या चौपट. त्यातलं निम्मं मुरायचं होतं ती माती डांबराखाली, फरशीखाली, इमारतींखाली गेलेली. म्हणजे गटारावर आलेला भार चौपटीहूनही जास्त.

त्याच वेळी वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या कुलाब्यात नुसता पावसाळी दिवस आहे. तिथे चोवीस तासांत मिळून 73 मिलिमीटर भरणार आहे. मंत्रालय तिकडे, महापालिका तिकडे. खिडकीतून बघणाऱ्याला उपनगरं बुडताहेत हे दिसणार नाही. वेधशाळेचे मापक तेव्हा इन-मिन दोन, कुलाबा आणि सांताक्रूझ. गावाचा पाऊस एकाच बादलीत मोजला की असं होतं. एक गल्ली वाहून जाते आणि नोंदवहीत ‘मध्यम सरी’ लिहिलं जातं.

20 मिनिटे आधी: दुपारी 3:30

सगळ्यात वाईट तास सुरू होतो. साडेतीन ते साडेचार या एका तासात 190 मिलिमीटर.

कागदावर मुंबईची दोन गटारं वेगळी आहेत. एक पावसाच्या पाण्याचं, दुसरं मैलापाण्याचं. ही वाटणी झाकणांच्या भरवशावर टिकते. पाण्याच्या दाबाने काही झाकणं आपोआप उचलली जातात. काही ठिकाणी गुडघाभर पाण्यात उभी असलेली माणसंच पहार घालून ती उघडतात, पाण्याला वाट मिळावी म्हणून. हेतू चांगला असतो. पण झाकण निघालं त्या क्षणापासून पाऊस आणि मैला यांच्यात भेद उरत नाही. रस्त्यावरच्या पाण्याचा रंग चहासारखा होतो, तो केवळ मातीने नव्हे.

शून्य: दुपारी 3:50

भरती. उंची 4.48 मीटर.

गटाराला समुद्राकडे तोंड असतं. ओहोटीला ते बाहेर ओकतं. बहुतेक तोंडांना भरतीचं पाणी अडवणारी दारं नव्हती, त्यामुळे समुद्र आत शिरला. वरून आभाळ, खालून समुद्र, मध्ये शहर. पाण्याला जायला जागाच राहिली नाही.

इथे एक गोष्ट नीट बघायला हवी. ढग केव्हा फुटेल, हे त्या दिवशी कोणाला ठाऊक नव्हतं. भरतीची वेळ मात्र ठाऊक होती. भरती-ओहोटीची कोष्टकं वर्षभर आधी छापली जातात. कोळीवाड्यातलं पोरही तिथीवरून बोटांवर मोजून सांगतं. आपत्तीची निम्मी वेळ आधीच छापलेली होती.

40 मिनिटांनंतर: दुपारी 4:30

रुळांवर पाणी चढतं, लोकल थांबतात. रस्ते ठप्प होतात. मोबाईल मुके होतात. या गोष्टी सगळ्यांना आठवतात, कारण त्या रस्त्यावर घडल्या. दाराआड जे घडलं ते सांगायला लाज वाटते, म्हणून ते फारसं लिहिलं गेलं नाही.

कुर्ल्यात, कलिन्यात, मिठीच्या काठाने तळमजल्यावरच्या घरात पाणी आधी दारातून येत नाही. ते संडासातून येतं. भांड्यात आधी गुळगुळ होते, मग बुडबुडे, मग जे खाली गेलं होतं ते वर. उंबऱ्यावर गोणपाटं रचून बसलेल्या माणसाच्या पाठीमागून पूर घरात शिरतो.

धोका नको म्हणून अनेक भागांत वीज बंद होते. ती बंद झाली की पाणी वर चढवणारा इमारतीचा पंप थांबतो, आणि पाचव्या मजल्यावरचा कोरडा संडासही निकामी होतो. मैलापाणी पुढे ढकलणारी यंत्रं विजेवरच. खालचे संडास बुडाले म्हणून बंद, वरचे पाणी नाही म्हणून. स्वच्छतेची सगळी साखळी एका फ्यूजला टांगलेली असते, हे त्या संध्याकाळी कळलं.

4 तास 40 मिनिटांनंतर: रात्री 8:30

सहा तासांचे 648 मिलिमीटर पूर्ण. लाखो माणसं कंबरभर पाण्यातून घरी चालली आहेत. दोरखंड धरून, दुभाजकावर पाय चाचपत. वस्तीतले लोक चहा देतात, बिस्किटं देतात, अनोळखी बायकांना रात्रीपुरतं घरात घेतात. मुंबईच्या त्या माणुसकीचे गोडवे रास्तच आहेत.

चालणाऱ्यांना भीती एकच, उघड्या चेंबरात पाय पडण्याची. बरोबर होती. पण तळपायाला काच लागली, टाचेची भेग उकलली, चपलेच्या पट्ट्याने कातडं सोललं, याची कोणी गिनती ठेवली नाही. त्या पाण्यात उंदरांचं, गुरांचं मूत होतं. दुसरं घड्याळ त्या ओरखड्यांपाशी सुरू झालं होतं.

16 तास 40 मिनिटांनंतर: 27 जुलै, सकाळी 8:30

चोवीस तासांची नोंद: सांताक्रूझ 944 मिलिमीटर. विहार तलावाजवळ हजाराच्याही वर. सरकार दोन दिवस सुट्टी जाहीर करतं. विमानतळ बंद.

पाणी ओसरतं तसं ते मागे काय ठेवून जातं ते दिसू लागतं. तबेल्यांत दाव्याला बांधलेली गुरं जागेवर बुडाली होती. मेलेल्या जनावरांचा आकडा हजारांत गेला. भिजलेल्या गाद्या, कुजलेलं धान्य, रस्त्याच्या कडेला माणसाच्या उंचीचे ढीग. ते उचलायला जे सफाई कामगार आले, त्यांची स्वतःची घरंही बहुतेक अशाच वस्त्यांत होती. पुराचं शेवटचं काम नेहमी त्यांच्याच वाट्याला येतं, आणि नियोजनाच्या पहिल्या बैठकीत त्यांना कधी बोलावलेलं नसतं.

10 दिवसांनंतर

ऑगस्ट. पाऊस बातम्यांतून गेला. दवाखान्यांत रांगा लागल्या. ताप, डोळे लाल, पोटऱ्या इतक्या दुखतात की चालवत नाही, काहींना कावीळ. लेप्टोस्पायरोसिस. जंतू दूषित पाण्यातून कातडीवरच्या जखमेवाटे आत शिरतो आणि बहुधा पाच ते चौदा दिवसांनी डोकं वर काढतो. आधीच्या चार वर्षांच्या तुलनेत रुग्ण आठपट झाल्याची नोंद पुढे वैद्यकीय अभ्यासात झाली.

मुंबईत पुराने आणि दरडींनी 419 माणसं गेली, आणि पुरानंतरच्या आजारांनी आणखी 216. म्हणजे या शहरात त्या आपत्तीने घेतलेल्या दर तीन जिवांतला एक जीव पाऊस थांबल्यावर गेला. बुडणाऱ्याला वाचवायला दोरखंड लागतो. या 216 जणांना काय लागलं असतं? बंद राहणारं झाकण, उलटं न येणारं पाणी, डॉक्टरांच्या सल्ल्याने वेळेत दिलेल्या डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या. दोरखंडाहून स्वस्त गोष्टी आहेत या.

म्हणून शून्य तास 3:50 मानणं मला पटत नाही. तो अभियंत्यांचा शून्य. स्वच्छतेचा शून्य झाकण निघालं तेव्हाचा, आणि त्याचा हिशेब दहा दिवसांनी आला.

पुढची वर्षे

त्याच ऑगस्टात मिठी नदीसाठी प्राधिकरण नेमलं गेलं. चितळे समितीचा अहवाल 2006 मध्ये आला. राज्याने 50 मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदी घातली. 1993च्या अहवालावरची धूळ झटकली गेली, तेव्हा 616 कोटींचं काम दुपटीच्या घरात गेलं होतं. ठरलेल्या आठ उदंचन केंद्रांपैकी हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह अशी सहा उभी राहिली. माहुल आणि मोगरा रेंगाळली. शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक बसले, आणि हे काम चांगलं झालं.

तरी 29 ऑगस्ट 2017 रोजी 331 मिलिमीटर पाऊस झाला आणि एक नामवंत डॉक्टर गाडीतून उतरून घरी चालत निघाले, ते उघड्या मॅनहोलमध्ये वाहून गेले. त्यानंतर झाकणांखाली जाळ्या बसवण्याची मागणी जोर धरू लागली. एका लोखंडी जाळीसाठी बारा वर्षं. आणखी एक तप.

मस्तगड: किती तास उरले?

‘जालना, सोने का पालना’ असं आमच्याकडे कौतुकाने म्हणतात. 2023 मध्ये शहराची महानगरपालिका झाली. पाटी बदलली. पण घराखालची मैला टाकी कालचीच आहे.

काही वर्षांपूर्वी सप्टेंबरातल्या एका रात्री परतीचा पाऊस थांबेना. पहाटे तीनच्या सुमाराला न्हाणीघरातून आवाज आला, हंडा पाण्यात तिरका बुडवल्यासारखा. बॅटरी घेऊन गेलो. संडासाच्या भांड्यात पाणी काठापर्यंत आलेलं, आणि मधूनमधून एक मोठा बुडबुडा. टाकी शेवटची कधी उपसली होती ते घरात कोणालाच आठवेना. एका कार्यालयात टँकरसाठी फोन केला. उत्तर आलं, पाऊस थांबल्यावर बघू. शेजारच्यांनी टाकीचं झाकण सरकवून पाणी गल्लीत सोडलं. मग आम्हीही सोडलं. मुंबईत पहार घेऊन उभ्या असलेल्या माणसांसारखाच आमचा हेतू चांगला होता.

आमची अडचण दुहेरी आहे. 2012-13च्या दुष्काळात जालना होरपळलं, तेव्हा पाणी मोजून वापरलं गेलं. पाणी मोजून वापरलं की संडासातही मगभर कमी पडतं. गटारातून घाण पुढे सरकत नाही, ती वाळते, घट्ट होते, तिच्यावर पिशव्या साचतात. मग एखाद्या साली महिन्याचा पाऊस एका रात्रीत येतो आणि त्याला वाट हवी असते ती नेमकी या वाळलेल्या गटारातून. दुष्काळ हा पुराच्या आधीचा तास असतो. बदलत्या हवामानात मराठवाड्याला दोन्ही टोकं सोसायची आहेत, आणि दोन्ही टोकांना गटार तेच आहे.

गाळ उपसणं आम्हाला येत नाही असं नाही. निजामकाळातल्या घाणेवाडी तलावातला गाळ जालनेकरांनी लोकवर्गणीतून उपसला आहे. तलावाचा गाळ काढताना माणूस फोटोला उभा राहतो; गटाराचा गाळ काढताना नाकाला रुमाल लावून दुसऱ्याकडे बोट दाखवतो. फरक एवढाच.

दुसऱ्या गावांनी वाट दाखवली आहे. कृष्णेकाठच्या वाईत 2018 पासून टाकी तुंबायची वाट बघत नाहीत. ठरल्या वेळापत्रकाने दर तीन वर्षांनी प्रत्येक घराची टाकी उपसली जाते, पैसे कररूपाने वसूल होतात, मैला शुद्धीकरण प्रकल्पात जातो. पाण्याची टंचाई सोसणाऱ्या सिन्नरनेही तेच केलं. काठोकाठ भरलेली टाकी पहिल्या पावसात गल्लीत येते; उपसलेल्या टाकीला थोडी सवड असते. आपत्तीत सवडच तर विकत घ्यायची असते.

तर मस्तगडचं घड्याळ असं लावता येईल. पावसाळ्याच्या नव्वद दिवस आधी: सखल गल्ल्यांतल्या टाक्या उपसलेल्या, झाकणं सिमेंटने बसवलेली, घरच्या चेंबरात पाणी उलटं येऊ न देणारी झडप. तीस दिवस आधी: नाले साफ, आणि काढलेला गाळ त्याच दिवशी गाडीत. तीन दिवस आधी: पंपाला डिझेल, कामगारांना गमबूट आणि हातमोजे, दवाखान्यात गोळ्या आणि क्लोरीन. एक तास आधी: प्रत्येक प्रभागात एक पर्जन्यमापक आणि तो बघणारा एक माणूस. सार्वजनिक संडास नव्याने बांधायचे तर जोतं मागच्या पुराच्या खुणेच्या वर. यात एकही गोष्ट परदेशातून आणायची नाही.

मुंबईला निदान भरतीचं कोष्टक होतं. कुंडलिकेला तसं काही छापलेलं नसतं. आमचा शून्य तास कोणत्या नक्षत्रात आहे ते आम्हाला सांगता येत नाही. तो सुरू झालेला ओळखता मात्र येतो. परवा मेच्या उन्हात नाल्याच्या काठाने येत होतो. आदल्या दिवशी काढलेला गाळ काठावरच ढिगाने पडला होता, वरून वाळून भेगाळलेला, आतून ओला. त्यातून पिशव्यांची टोकं बाहेर आली होती. नाल्याच्या कडेपासून तो ढीग जेमतेम हातभर लांब होता.